सहा हिरवे दिवे

अकरावा डिटेक्टरही मेलेलाच निघाला. नाकसाहेबांनी त्याच्या तोंडावर रबरी कप बसवला, टेस्ट गॅसच्या बाटलीची चावी फिरवली आणि आकड्यावर डोळे रोखले. आकडा शून्यावरून ढिम्म हलेना. अलार्म वाजेना. वरचा हिरवा दिवा मात्र साळसूदपणे जळत होता.

या यंत्राची हीच वाईट खोड. आतला गॅस हुंगणारा मणी मेला तरी बाहेरचा दिवा हिरवाच राहतो. कंप्रेसर शेडमध्ये असे सहा डिटेक्टर होते आणि त्यांच्या भरवशावर चाळीस माणसं निर्धास्त काम करत होती. गॅस सुटला आणि हे गप्प बसले, तर चाळीस घरं उघड्यावर पडली असती. वीस वर्षं या यंत्रांची राखण करणाऱ्या माणसाचं खरं नाव आता कोणाला आठवत नव्हतं. सगळा कारखाना त्यांना नाकसाहेबच म्हणे. तो मणी किती नाजूक, स्प्रे-पॉलिशचा नुसता अंश लागला तरी दोन-चार दिवसांत कसा मरतो, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? म्हणून तर शेडच्या दारावर त्यांनी स्वतः पाटी रंगवली होती: पॉलिश, स्प्रे, अत्तर, क्रीम आत आणू नये. खाली झोकदार सही.

एखादा मेला तर नशीब म्हणावं. दोन मेले तर माल खराब. पण मणी बदलून बदलूनही तीन महिन्यांत अकरा? छे! कोणीतरी मारत होतं.

आणि कोण, तेही त्यांना ठाऊक होतं. मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ, त्यांच्याच हाताखालचा तंत्रज्ञ. गेल्या वर्षी बढतीसाठी नाकसाहेबांनी त्याचं नाव मुद्दामच पुढे केलं नव्हतं. लोक म्हणाले असते, घरच्याला वर चढवलं. मेहुणा त्यावर चकार शब्द बोलला नाही, आणि तेच नाकसाहेबांना खुपत होतं. भांडणारा माणूस परवडला, असा न बोलणारा नको.

मागच्या आठवड्यात तो शिडीवर सापडला. पाळी नसताना, चार नंबरच्या डिटेक्टरपाशी. नाकसाहेबांना बघून दचकलाच.

"धूळ पुसत होतो, दाजी."

धूळ पुसायला स्क्रूड्रायव्हर लागतो होय? चोराच्या मनात चांदणं! वर त्याच्या छातीवर लावायचा छोटा गॅस-अलार्मही जागेवर नव्हता. तो नसेल तर शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही, हा नियम त्याला काय नवा होता? विचारलं तर म्हणे, "आहे इथंच कुठंतरी." रविवारी बहिणीकडे जेवायला आला, तेव्हा तर कहरच झाला. तोंडात साखर घेऊन विचारतो, "दाजी, हातांना काय लावता हल्ली?" आला मोठा काळजीवाला!

"तुम्ही ना, स्वतःच्या सावलीवरही संशय घ्याल," तो गेल्यावर बायको म्हणाली. भाऊच तो तिचा, ती दुसरं काय म्हणणार?

सोमवारी त्यांनी सापळा लावला. सहाही डिटेक्टरांत नवे मणी बसवले. बोटांच्या भेगांना औषध चोळलं, ट्यूब खिशात टाकली, त्याच खिशातून कप काढला आणि एकेक डिटेक्टर जातीनं तपासला. सहाही खणखणीत वाजले. मग प्रत्येकाच्या झाकणावर टेप चिकटवून तिच्यावर सही केली. कोणाला पत्ता लागू दिला नाही.

शुक्रवारी तीन टेपा फाटलेल्या होत्या.

नाकसाहेबांनी तक्रार लिहिली. नोकरी तर जाणारच होती, पण असा शेरा बसल्यावर त्याला दुसऱ्या कुठल्या कारखान्यात कोण उभं करणार? चाळीस माणसं डोळ्यांपुढे आणून त्यांनी कागद पुरा केला आणि मॅनेजरांना आणि मेहुण्याला घेऊन शेडमध्ये आले.

"टेप मी फाडली," मेहुण्यानं लगेच कबूल केलं.

मॅनेजर खमके होते. त्यांनी स्टोअरमधून नवा कोरा कप मागवला आणि स्वतः शिडी चढले. टेप फाटलेला पहिला डिटेक्टर कानठळ्या बसतील असा वाजला. दुसराही. तिसराही.

मग त्यांनी शाबूत टेपांचे तपासले. तिन्ही मेलेले.

खाली उतरताना मॅनेजरांना मधल्या पाइपामागे काहीतरी लुकलुकताना दिसलं. मेहुण्याचा छातीवरचा अलार्म. चालू करून तारेनं बांधलेला.

"तीनच मणी मिळाले स्टोअरमधून," मेहुणा खाली बघत म्हणाला. "उरलेले सोमवारी येणार होते. तोवर शेडला राखण नको?"

"म्हणजे तू मेलेले बदलत होतास? मग मारत कोण होतं?" मॅनेजरांनी विचारलं.

मेहुणा गप्प. नाकसाहेबांचा तोल गेला. "बोल की! दातखीळ बसली का?"

"दाजी," तो अगदी हळू म्हणाला, "तुमचा कप काढा."

नाकसाहेबांनी खिशात हात घातला. कप निघाला, त्याला चिकटून ट्यूबही निघाली. रबराची कड मलमानं तुळतुळीत झाली होती. 'हे क्रीम नाही, औषध आहे,' असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि समोर दारावर स्वतःची पाटी दिसली. आधीचे अकरा आणि आताचे सहाही त्यांनी स्वतःच्या हातानं मारले होते.

त्यांनी तक्रारीचा कागद मॅनेजरांच्या हातून घेतला, भिंतीला टेकवला, मेहुण्याचं नाव खोडलं आणि तिथं आपलं लिहिलं.

मॅनेजर मेहुण्यावर उखडले. "कळलं होतं तर तोंड शिवून का बसलास?"

"कसं सांगणार, साहेब? बोटांतून रक्त यायचं दाजींच्या. ते मलम मीच आणून दिलं होतं ताईकडे. म्हटलं, माझं नाव सांगू नकोस, नाहीतर लावायचे नाहीत."