न दाबलेलं बटण

श्रावणने घोडा पुढे टाकला, पण घड्याळाचं बटण दाबायचं विसरला. चाल आता हेमराजची होती आणि वेळ मात्र श्रावणचाच जात होता. दोघं रोज संध्याकाळी इतवारीत, भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बुद्धिबळ खेळायचे. कधी हा जिंकायचा, कधी तो. तिथे घड्याळ नसायचं, त्यामुळे श्रावणच्या हाताला बटणाची सवयच नव्हती. आज जिल्हा स्पर्धेची शेवटची फेरी होती आणि राज्य स्पर्धेला एकच जण जाणार होता. पटावरही दोघं बरोबरीत होते. हेमराजने नुसतं घड्याळाकडे बोट केलं असतं तरी पुरलं असतं. त्याने कपाळ तळहातात धरलं आणि पटावर नजर रोखली. आपली चाल त्याला केव्हाच सुचली होती. समोर श्रावण तोंडावर रुमाल दाबून निमूट बसला होता. त्याचा वेळ संपला, तेव्हा हेमराजने हात वर करून पंचांना बोलावलं. पंचांनी घड्याळ पाहून डाव हेमराजला दिला. श्रावणला चूक कळली. त्याने बटणाकडे पाहिलं आणि हसत हात पुढे केला. “मले वाटलं, तू इचार करून राहिला गा,” तो म्हणाला, “म्हनून खोकलोबी नाई.” मग पुन्हा रुमाल तोंडाला लावून तो खोकायला लागला. इतका वेळ दाबून ठेवलेला खोकला लवकर थांबेना. पाण्याची बाटली हेमराजच्या हाताशीच होती. ती पुढे करायचा त्याला धीर झाला नाही.