लाल फितीची पिन

"बाबा, चष्मा डोक्यावर आहे!"

कॉकपिटच्या दारात उभं राहून मुलगा हसला. विमानाला बाहेरून फेरी मारून, चाकंबिकं बघून तो नुकताच वर आला होता. आत त्याच्याच सीटवर त्याचे वडील त्याची बॅग मांडीवर घेऊन बसले होते, हात कोपरापर्यंत बॅगेत.

वडिलांनी डोकं चाचपलं. "अरेच्चा! आणि मी इकडे बॅग पालथी घालतोय."

मुलाच्या मागे उभी असलेली सहवैमानिक खुदकन हसली. चष्म्याचं घर मुलाच्या बॅगेत ठेवायचं, हा आईचा नियम. बाबांकडे दिलेली वस्तू संध्याकाळपर्यंत टिकायची नाही.

घरी असा वेंधळेपणा. पण विमानाजवळ गेले की एक स्क्रू इकडचा तिकडे नाही. छत्तीस वर्षं या विमानतळावर मेकॅनिक होते, आणि त्यांच्या नावावर एकही शेरा नव्हता. आज त्यांचा शेवटचा दिवस. शेवटचं विमान बाबांनी सोडायचं आणि आपण न्यायचं, एवढ्या हौसेपायी मुलाने ही फेरी महिनाभर आधी मागून ठेवली होती. गेल्या आठवड्यात जिन्यात त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती. तपासण्या झाल्या, रिपोर्टचं पाकीटही आलं, पण ते त्याने उघडलं नव्हतं. जागरणाचं असणार, दुसरं काय! आजचा दिवस बाबांचा. बाकी सगळं उद्या.

वडिलांनी विमानाच्या तपासणीच्या वहीत सही केली. मग बाहीने डोळे पुसले.

"काय बाबा, रडताय की काय?"

"छे रे! तू बरा आहेस ना?"

"ठणठणीत."

"आजची फेरी दुसऱ्या कुणी नेली तर?"

"वा! साहेबांच्या किती विनवण्या केल्यात माहितीय ना?"

"हो, तेही आहेच म्हणा." वडील उठले, जाता जाता त्यांनी लेकाच्या गालावरून हात फिरवला. गालाला ग्रीस लागलं. सहवैमानिकेने मुकाट्याने कागदी रुमाल पुढे केला.

विमानतळ तसा लहानच. ट्रॅक्टर विमानाला ढकलत थेट धावपट्टीच्या कडेला आणून सोडायचा. ढकलताना पुढचं चाक मोकळं फिरावं म्हणून तिथे एक पिन खोचतात. ती आत असेपर्यंत वैमानिकाने कितीही वळवलं तरी चाक वळत नाही. ट्रॅक्टर सुटला की मेकॅनिकने पिन काढायची, बाजूला उभं राहून तिची लाल फीत उंच धरायची, वैमानिकाने अंगठा दाखवायचा आणि मग निघायचं.

वडिलांनी फीत उंच धरली. लहानपणी शाळेच्या बससमोरही बाबा असेच हात वर करून उभे राहायचे. मुलाने अंगठा दाखवला.

विमान हळूहळू धावपट्टीवर आलं. आता डावीकडे वळायचं. त्याने वळवलं, पण विमान नाकासमोरच चाललं.

"वळत नाहीये," तो म्हणाला. पुन्हा जोर लावला. समोर गवत जवळ येत होतं.

"अहो, ब्रेक!" सहवैमानिक ओरडली.

दोघांनी मिळून ब्रेक दाबले. विमान गचकन थांबलं. चाक गवतापासून हातभर लांब होतं. कुणाला ओरखडाही आला नाही, फक्त मागे एक तान्हं बाळ रडायला लागलं.

पिन चाकातच सापडली.

साहेबांच्या खोलीत मुलगा आधी बोलला. "चूक माझी, साहेब. बाबांनी फीत दाखवलीच नव्हती. मीच घाई केली."

"खोटं कशाला बोलतोस?" वडील शांतपणे म्हणाले. "दाखवली की मी. खिशातली जादा पिन दाखवली. गोंधळ झाला, साहेब. वय झालं. माझ्या नावावर लिहा."

साहेबांना लिहवेना. पेन हातात घेऊन ते नुसते बसून राहिले.

"लिहा हो. मग आज हा उडणार नाही, नक्की ना?"

"आज काय, चौकशी संपेपर्यंत नाही. प्रवाशांना दुसरा वैमानिक नेईल."

वडिलांनी मोठा श्वास सोडला. साहेबांनी लिहिलं. छत्तीस वर्षांतला पहिला शेरा, निवृत्तीला दोन तास उरलेले असताना! पलीकडच्या खोलीत निरोपाचा केक तसाच झाकून ठेवला होता. मुलाला रडू आवरेना. रागाचा लवलेशही नव्हता त्याच्या मनात. या भल्या माणसाला आजच्या दिवशी तरी विसर पडायला नको होता, एवढंच वाटत होतं. मी नीट बघायला हवं होतं, तो स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होता.

गाडीशी आल्यावर वडिलांनी हात पुढे केला. "चावी दे. मी चालवतो."

"तुम्ही? अहो, आज राहू द्या."

"दे म्हटलं ना!"

मुलाने चावी दिली. आज त्यांचं मन मोडायची त्याची छाती नव्हती. फाटकातून बाहेर पडल्यावर गाडी उजवीकडे वळली. घर डावीकडे होतं.

"बाबा, रस्ता चुकला."

"बरोबर आहे रस्ता."

तीस वर्षं जिथे राहतात ते घरही आता विसरायला लागले, असं मुलाला वाटलं. त्याने हळूच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "घाबरू नका हं. मी आहे."

"माहितीय रे." वडिलांनी नाक ओढलं. "माझा चष्मा काढ बॅगेतून. आतल्या कप्प्यात बघ."

आतल्या कप्प्यात चष्मा नव्हता. रिपोर्टचं पाकीट होतं, कडेने फाडलेलं. त्याने कागद उलगडला. 'हृदयाचे ठोके मध्येच थांबत आहेत. विमान चालवू नये, आजच भरती व्हावे.' आणि त्या ओळीवर ग्रीसने माखलेला एक अंगठा उमटला होता.