खोटारडा स्टिरिओ

"तुमचा स्टिरिओ खोटं बोलतो," गाडीतून उतरता उतरताच त्या गृहस्थांनी सांगून टाकलं, आणि तेही चारचौघांत ऐकू जाईल अशा आवाजात.

वायरकाकांच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर तसाच राहिला. बावीस वर्षं ते गाड्यांमध्ये स्टिरिओ बसवत होते. वायरी अशा बेमालूम लपवायचे, की गल्लीतली माणसं त्यांचं खरं नाव विसरून गेली होती. आवाज कमी, आवाज जास्त, असली रडगाणी त्यांनी पुष्कळ ऐकली होती. पण खोटं बोलतो? आणि हे ऐकायला आजच नेमका टॅक्सीवाला शेठ दुकानात बसलेला असावा! आपल्या चाळीसही टॅक्स्यांचं काम कुणाला द्यायचं, ते ठरवायला तो आला होता.

"काय खोटं बोलला?" काकांनी शक्य तेवढ्या शांतपणे विचारलं.

"भलतीकडे नेतो."

ही लाल, दोनच माणसं बसतील अशी स्पोर्ट्स कार कालच येऊन गेली होती. गृहस्थांच्या लेकीने पहिल्या पगारातून बापाला स्टिरिओ भेट दिला होता. डॅशबोर्डच्या मधोमध खाच, तिच्यात फोन सरकवला की गाणी सुरू, बोलणं सुरू, रस्ता सांगणंही सुरू. काम चांगलं दीड दिवसाचं होतं. पण "गाडी इथे ठेवणार नाही, संध्याकाळच्या आत संपवा," असं गृहस्थांनी ठणकावलं आणि दिवसभर स्टुलावर बसून पहारा दिला. सीटमागे इस्त्रीचे शर्ट लटकत होते, तेही काकांना हलवू दिले नाहीत. स्वतः काढून मांडीवर घेऊन बसले, जणू काका शर्ट पळवायला टपलेले! काकांनी राग गिळला. उभ्याउभ्या दोन घास खाल्ले आणि काम वेळेत हातावेगळं केलं. त्याचं आज हे बक्षीस.

"काका, मी सांगते," लेक पुढे आली. बिचारी ओशाळली होती. "मी उद्या परत जाणार. बाबाचा नवा फ्लॅट मी अजून पाहिलाच नाहीये. दर वेळी म्हणतो, रंगकाम चाललंय. आज म्हटलं, रंग लागला कपड्यांना तर लागू दे, आपण जायचंच. आणि मीच फोन खाचेत ठेवून 'घर' दाबलं. तर ह्या स्टिरिओने आम्हाला तरणतलावामागच्या पार्किंगमध्ये नेऊन सोडलं! वर म्हणतो कसा, तुम्ही घरी पोहोचला आहात."

टॅक्सीवाला शेठ खो खो हसला. काकांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं.

"काढून टाका तो डबा," गृहस्थ म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

"मी येतो नंतर," शेठ उठला. "माझी माणसं पॅसेंजरला पार्किंगमध्ये सोडायला लागली तर धंदाच बसायचा."

"बसा हो शेठ, दोन मिनिटं बसा!" काका ओरडलेच. ते ड्रायव्हरच्या सीटवर शिरले, स्वतःचा फोन खाचेत सरकवला आणि 'घर' दाबलं. स्टिरिओ गोड आवाजात बोलू लागला: डावीकडे वळा, मग लाँड्रीच्या पुढे दुसरी इमारत. काका तिथेच राहत होते. शेठ पुन्हा टेकला.

"आता तुमचा द्या."

"काही गरज नाही," गृहस्थ म्हणाले.

"दे ना रे बाबा. बघू दे त्यांना," म्हणत लेकीनेच त्यांच्या हातातून फोन घेऊन काकांना दिला. फोन टक्कन बसला. तरणतलाव, मागचं वाहनतळ.

"झालं! म्हणजे चूक फोनात आहे," काकांनी शेठला ऐकू जाईल असं सांगितलं. "घर म्हणून भलता पत्ता घातलाय कुणीतरी. उघडून दाखवतो."

"फोन माझा आहे. त्याला हात लावायचा नाही." गृहस्थ दार धरून उभे होते.

"तुम्ही माझ्या नावाला हात लावलात साहेब, तेव्हा मला विचारलं होतंत?" काकांचा तोल आता पुरता गेला होता. काल दिवसभर चोरासारखी वागणूक, आज चारचौघांत शोभा! अन्याय सोसायलाही काही सीमा असते. ह्या माणसाचा खोटेपणा ते आता त्याच्या लेकीसमोर उघडा पाडणार होते, आणि त्यात त्यांना काहीच गैर वाटत नव्हतं. "या ताई, इकडे या. शेठ, तुम्हीपण या."

बोटाने त्यांनी 'घर' दाबून धरलं. पत्ता कुणीच घातलेला नव्हता. फोनने तो स्वतःच ठरवला होता, आणि कशावरून ठरवला तेही खाली लिहिलं होतं.

'रोज रात्री अकरा ते सकाळी सहा. सलग एकशे बारा रात्री.'

काकांनी मान वर केली. सीटमागे ते इस्त्रीचे शर्ट आजही लटकत होते. गृहस्थ त्यांच्याकडेच बघत होते. चेहऱ्यावर ती ऐट नव्हती. लेकीकडे एकदा बघून त्यांनी हलकेच नकारार्थी मान हलवली.

"काय निघालं काका?" लेक गाडीला वळसा घालून येत होती. तिच्यामागे शेठ.

काकांनी फोन खाचेतून उपसला आणि त्याचा पडदा विझवून तो गृहस्थांच्या हातात ठेवला.

"तुमचे बाबा बरोबर सांगतायत ताई," ते शेठकडे न बघता म्हणाले. "स्टिरिओच खराब आहे. मी बसवतानाच चूक केली."