वाटीतली सिद्धता

आमच्या मेसमध्ये रविवारी माणशी दोनच गुलाबजाम मिळतात. कॉम्प्युटर आणि गणित शिकणाऱ्या माणसाला हे पटणं शक्य नव्हतं.

"काकू, एका गुलाबजामने काय फरक पडतो?" दोन वाढून झालेली वाटी मी पुन्हा पुढे धरली. "तिसऱ्याने पडत नाही, मग चौथ्यानेही नाही. म्हणजे कितीही वाढा. परवाच वर्गात सिद्ध केलंय."

काकूंनी वाढायचा डाव हातातच थांबवला. "एकाने कधीच फरक पडत नाही?"

"कधीच नाही."

त्यांनी माझ्या वाटीतला एक उचलून शेजारी उभ्या असलेल्या, वर्गातल्या इराच्या भरलेल्या वाटीत टाकला. "पडला फरक?"

मागे अख्खा वर्ग रांगेत होता. "नाही," मी म्हणालो.

त्यांनी दुसराही उचलला.

टेबलावर मी नुसता पाक चाटत होतो. समोर इरा शांतपणे खात होती.

"तुझं बरोबर आहे," ती म्हणाली. "चौथ्यानेही काही फरक पडत नाही."