हातातला जोड

डायलिसिस केंद्रात कोष्टीकाकांची बाही नर्स निलोफरने वर सरकवली आणि तिच्या हातातली सुई जागीच थांबली. नऊ वर्षं आठवड्यातून तीनदा टोचून गाठाळलेला तो हात आज लहान मुलाच्या हातासारखा गुळगुळीत होता.

"तेल उडालं होतं यांच्या हातावर," शेजारी उभ्या असलेल्या काकू कौतुकाने म्हणाल्या. "ते नवीन जेल मिळतंय ना, तेच लावलं. दोन दिवसांत डागसुद्धा राहिला नाही बघ."

डायलिसिससाठी डॉक्टरांनी त्या हातातली धमनी आणि शीर मुद्दाम एकमेकींना जोडल्या होत्या. पण जेलला ते कोण सांगणार? शरीरात जन्मतः नसलेलं सगळं त्याला जखमच वाटायचं, आणि जखम दिसली की ते भरून काढायचं. मूत्रपिंडं भरून काढणारं जेल मात्र अजून कुणाला जमलं नव्हतं.

निलोफरने कातडीवर बोटं टेकवली. जोड चालू असला की तिथे रक्ताची थरथर लागायची. आज ती कुठेच लागेना. डावा हात आधीच वाया गेलेला. या हातात नवा जोड दिला तरी आत मुरलेलं जेल तोही भरून काढणार होतं. जोडाशिवाय डायलिसिस नव्हतं, आणि डायलिसिसशिवाय काका फार दिवस काढणार नव्हते.

काकू पाण्याची बाटली भरायला गेल्या, तसे काका हळूच म्हणाले, "मला काल सकाळीच कळलंय, पोरी. तिला सांगू नकोस. फुंकर घालत घालत लावलंय तिनं."

काकू परत आल्या. "छान भरलाय ना गं हात?"

निलोफरने बाही हलकेच खाली ओढली.

"हो काकू," ती म्हणाली. "अगदी छान भरलाय."