निळ्या लिंका

श्वास देणाऱ्या यंत्राचं मॅन्युअल त्याच्याकडे आलं होतं. तुटलेल्या लिंका जोडायच्या आणि निळ्या करायच्या, एवढंच त्याचं काम. ‘यंत्र थांबल्यास’ या भागात एकच ओळ होती: पाहा ‘अलार्म’. ‘अलार्म’मध्येही एकच: पाहा ‘यंत्र थांबल्यास’.

“साहेब, नक्की करायचं काय, ते कुणी लिहिलेलंच नाही.”

“अरे बाबा, तू मजकुरात नाक खुपसू नकोस. लिंका चालल्या म्हणजे झालं. आटप, आईला अॅडमिट करायचंय मला.”

त्याने दोन्ही लिंका जोडल्या. अगदी सुबक, एका क्लिकवर उघडणाऱ्या. निघता निघता साहेबांनी त्याची पाठ थोपटली.

आठवड्याभराने साहेबांचा फोन आला. मागे काहीतरी एकसारखं टीं टीं वाजत होतं.

“अरे, आईचं यंत्र बंद पडलंय! आपलंच आहे रे. तू वाचलंयस ना सगळं? काय करायचं, सांग पटकन!”

तेवढ्यात पलीकडून नर्सचा शांत आवाज आला, “घाबरू नका हो, मॅन्युअलमध्ये दिलंय. हे बघा, एका क्लिकवर उघडलं.”