काढलेलं व्हायोलिन

"सगळं छान आहे अण्णा, पण ते एक व्हायोलिन बेसूर वाजतंय. काढून टाका." शर्वरीने हेडफोन उतरवत वडिलांना सांगितलं होतं. निवृत्तीनंतर त्यांनी वाद्यवृंदासाठी रचलेली ती पहिलीच रचना होती. "बरं झालं, स्पष्ट बोललीस," म्हणत ते हसले.

त्यांच्या तेराव्याला स्टुडिओवाले मोघेकाका पेन ड्राइव्ह घेऊन आले. "तुझं ऐकून एक व्हायोलिन वगळलं त्यांनी. त्यांचं स्वतःचंच होतं ते."

"मला बोलले नाहीत."

"माझं म्हटलं असतं तर तिने खरं सांगितलं नसतं, म्हणाले."

"जुनं रेकॉर्डिंग असेल ना, काका?"

"पुसायला लावलं गं. लेकीचा कान पक्का आहे, म्हणत होते."

पाहुणे गेल्यावर तिने ती रचना लावली. सगळी वाद्यं सुरात होती. ते बेसूर व्हायोलिन कुठे पुसटसं तरी उरलंय का, हे ती पुन्हापुन्हा ऐकत राहिली.